चार अंगुळे वर

रायपूरहून दक्षिणेकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर अभनपूर येतं आणि तिथे रस्त्याला फाटे फुटतात. सरळ गेलं तर कुरूद, धमतरी, कांकेर, केशकालचा घाट आणि मग बस्तर. डावीकडे वळलं तर नवापारा आणि राजिम, जिथे महानदीला पैरी आणि सोंढूर येऊन मिळतात. आता आणखी एक वाट निघाली आहे. जवळच्या झांकी गावापासून विशाखापट्टणमपर्यंत 464 किलोमीटरचा सहा पदरी महामार्ग आखला गेला आणि चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या आम्हा छत्तीसगडकरांची समुद्राशी सोयरीक जमली. पूर्वी ज्या रस्त्यांवर कंबर मोडायची, तिथे आता डुलकी लागते. आणि नेमक्या ह्याच सुमाराला, अभनपूरच्याच वेशीवर, माझ्या भाच्याला साक्षात्कार झाला की आपली थार गाडी जमिनीच्या फार जवळ आहे.

थार काही बुटकी नव्हे. तिच्या पोटाखाली 226 मिलीमीटरची मोकळी जागा कंपनीनेच ठेवली आहे आणि 650 मिलीमीटर पाण्यातून ती जाऊ शकते, असं कागदावर लिहून दिलं आहे. पण कंपनीने दिलेली उंची ही आईबापांनी ठेवलेल्या नावासारखी. तिच्यात आपलं कर्तृत्व काही नसतं. भाच्याला स्वतःची उंची हवी होती. दोन इंचांची लिफ्ट आणि तेहतीस इंची टायर. "फक्त दोन इंच, मामा," तो म्हणाला, ज्या सुरात त्याची आई लग्नाच्या साड्या घेताना "फक्त दोनच" म्हणते.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. छत्तीसगडात भाच्याला नाही म्हणता येत नाही. कौसल्या ह्या मुलखाची लेक, रायपूरजवळ चंदखुरीला तिचं देऊळ आहे. म्हणजे राम सगळ्या छत्तीसगडचा भाचा. म्हणून इथे प्रत्येक भाच्यात थोडा राम धरतात आणि मामा, मग तो पिकल्या मिशांचा का असेना, भाच्याच्या पाया पडतो. आमचं घराणं बिंबाजी भोसल्यांच्या मागोमाग नागपूरकडून इकडे आलं असं सांगतात (घोड्यावर आलं की पायी, ते मात्र कुणी सांगत नाही). इतक्या पिढ्यांत आम्ही जेवायला भात घेतला, बोलण्यात इथलं हेल काढणं घेतलं, आणि भाच्याच्या पाया पडणंही घेतलं. त्यामुळे थार उंच करण्याला माझा पहिला आक्षेप तांत्रिक नव्हताच. उलट सोय दिसत होती. गाडी आणखी वर गेली की दार उघडून बसलेल्या भाच्याचे पाय आपोआप माझ्या छातीशी येणार. वाकायचं कामच नाही.

उंचीची ओढ जुनी आहे. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार अंगुळे वर चालायचा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चार अंगुळे म्हणजे तीन इंच. भाच्याच्या मागणीपेक्षा एक इंच जास्तच. त्या रथाला स्प्रिंग नव्हत्या, शॉकर नव्हते, केवळ मालकाच्या सत्यवचनावर तो तरंगत होता. मग अश्वत्थाम्याची ती अर्धी बातमी तोंडातून निघाली आणि रथाची चाकं जमिनीला टेकली. लिफ्ट कधी उतरते ह्याची एवढी चोख नोंद दुसऱ्या कुठल्याही गाडीची सापडत नाही.

पण ह्या मुलखाचं खरं लिफ्ट किट रथाचं नाही, बांबूचं आहे. आषाढ सरताना येणाऱ्या अमावस्येला, ज्या दिवशी आपल्याकडे दिव्यांची पूजा होते, त्या दिवशी छत्तीसगडात हरेली असते. नांगर, कुदळ, फावडी तलावावर नेऊन धुतात, त्यांची पूजा करतात, गुळाचे चीले होतात, आणि घरातला मोठा माणूस पोरांसाठी गेडी करून देतो. दोन बांबू, त्यांवर सारख्या उंचीला बांधलेले दोन पावठे, बस. त्यांच्यावर चढून पोरं चिखलाने भरलेल्या गल्लीतून निघतात. दोर बांबूवर घासून रच रच असा आवाज येतो, आणि तो आवाज मोठा यावा म्हणून मुद्दाम खटपट करतात. मी स्वतः नातेवाइकांच्या गावी गेडीवर चढलो आहे. चढल्यावर पहिली जाणीव चिखल टळल्याची होत नाही. पहिली जाणीव अशी होते की शेजारच्या अंगणात कुंपणावरून डोकावता येतं. चिखल हे निमित्त. कुंपणाच्या वरून दिसणारं जग हा खरा लाभ. आणि एकदा ते दिसलं की पुढल्या वर्षी पावठा वीतभर वर बांधून मागायचा, हे ठरलेलं. माझा भाचा रायपूरच्या फ्लॅटमध्ये वाढला. त्याला गेडी मिळाली नाही. पंचविशी ओलांडल्यावर ती मासिक हप्त्यांवर मिळाली, एवढाच फरक.

गेडीचा एक दोष मात्र पोरांना लगेच कळायचा. माणूस वर जातो, बांबूचं टोक तेवढंच राहतं, आणि मऊ जागा आली की ते भसकन आत जातं. लिफ्ट किटचंही थेट असंच आहे. उंच स्प्रिंगा आणि लांब शॉकर बसवले की गाडीचं धूड वर जातं. पण थारच्या मागच्या बाजूला जो सलग आडवा धुरा आहे आणि त्याच्या मधोमध डिफरेन्शियलचा जो गोल डबा लोंबतो, तो होता तिथेच राहतो. तो चाकांना बांधलेला. रस्त्याच्या मधला दगड पहिल्यांदा गाठतो तो ह्या डब्याला. त्याला वर उचलायचं तर एकच उपाय, चाकच मोठं करणं. म्हणजे लिफ्टने मालक वर जातो आणि टायरने गाडी. हे मला कळलं तेव्हा टायरबद्दल एकदम आदर वाटू लागला.

मग आम्ही टायर वाचायला शिकलो. बाजूच्या भिंतीवर जे 255/65 आर 18 असं लिहिलेलं असतं, त्यात एक अख्खी कुंडली असते. 255 मिलीमीटर रुंदी. त्या रुंदीच्या 65 टक्के उंचीची रबरी भिंत. आणि आत 18 इंचांची रिम. दोन्हीकडच्या भिंती आणि रिम मिळून व्यास 789 मिलीमीटर. भाच्याच्या मनात भरला होता तो 285/70 आर 17. त्याचा व्यास 831. सगळे त्याला तेहतीस इंची म्हणतात, प्रत्यक्षात तो पावणेतेहतीसच्या आत-बाहेर भरतो, पण लग्नाच्या बाजारात एवढं चालतं. फरक 42 मिलीमीटरचा. आणि चाकाचा मध्य जमिनीपासून वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे 21. एका अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. भाच्याने हे गणित मोबाइलवर केलं, मी बिलाच्या पाठीमागे पेनने केलं, आणि दोन्ही उत्तरं जुळल्यावर दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

एवढ्या अंगठाभर जागेसाठी गाडीत काय काय होतं, हे मजेचं आहे. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण काट्याला ते कुणी सांगत नाही. काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 105 वर असते. एकूण किलोमीटर मोजणारा आकडाही मागे पडतो, म्हणजे गाडी दर वर्षी थोडं वय चोरते. जड चाक फिरवायला इंजिनाला जोर लागतो, थांबवायला ब्रेकला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. तो घासू नये म्हणून लिफ्ट. लिफ्ट केली की पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे कोन तिरके होतात, त्यांच्यावरचे रबरी बूट ताणले जातात, अलाइनमेंट बिघडतं. ते सावरायला वेगळे आर्म. हे सगळं झाल्यावर गाडी इतकी उंच होते की भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, तिच्यात चढता येत नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवून झालेलं, ती दारापाशी उभी राहून वर पाहते, जसं गडाच्या पायथ्याशी उभं राहून पाहावं, आणि विचारते, "पायरी कुठाय रे?" म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पायऱ्या लावायच्या. आणि त्या पायऱ्या गाडीच्या पोटाखाली लोंबतात, नेमक्या तिथे, जिथली जागा मिळवायला एवढा खर्च केला.

ह्यात कायदाही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. नंतर कायद्यात सुधारणा झाली आणि बदलागणिक पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बदलागणिक, हे महत्त्वाचं. लिफ्टचे वेगळे, टायरचे वेगळे. धर्मराजाच्या काळी आरटीओ असतं तर त्याला खोटं बोलण्याआधीच खाली यावं लागलं असतं.

मला राहून राहून जुनी जीप आठवते. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि पुढे तिचीच भावंडं वनखात्यात, पाटबंधारे खात्यात, मिशनच्या दवाखान्यांत देशभर पोचली. गंगरेलचं धरण उभं राहत होतं तेव्हा धमतरीकडे अशा जीपा दिसायच्या. त्यांचे टायर अंगाने बारीक, सहा इंच रुंदीचे. आजच्या पोरांना ते सायकलचे वाटतील. पोटाखालची जागा आजच्या थारएवढीच, साधारण पावणेनऊ इंच. सिहाव्याच्या जंगलात, जिथून महानदी निघते, तिथे त्या पावसाळ्यातही जायच्या. बारीक टायरचं एक असतं: वरचा राडा तो कापत खाली जातो आणि तळाची घट्ट जमीन धरतो. रुंद टायर राड्यावर बसून राहतो, अध्यक्षासारखा.

आणि जमीन तरी कुठे एकच असते? अभनपूरच्या आसपासचा शेतकरी चार नावांनी तिला ओळखतो. भाठा म्हणजे उंचावरची मुरमाड जमीन, तिच्यावर टायर कुठलाही घ्या, काही फरक पडत नाही. मग पिवळसर मटासी, मधली डोरसा, आणि सखल भागातली काळी कन्हार. ही कन्हार पावसात खरी परीक्षा घेते. टायरच्या नक्षीत ती अशी गच्च भरते की दहा पावलांत नवाकोरा टायर गोटा होतो. त्यासाठी मोठ्या ठोकळ्यांची, मधे रुंद फटी असलेली मड टायरची नक्षी लागते, जी फिरताना चिखल झटकून टाकते. तीच नक्षी सडकेवर मात्र दिवसभर घोंघावते. भाच्याचं ऑफिस नवा रायपूरला आहे. तिथल्या रस्त्यावर कन्हार शोधायची तर खणावं लागेल.

आमची ही चर्चा ज्या गॅरेजात चालली होती, त्याचा मालक हे सगळं ऐकत होता. मुसाफिरांच्या गाड्या बघून बघून निबर झालेला माणूस. त्याने लिफ्ट किटची खोकी काढून दाखवली, नव्या स्प्रिंगा हातात दिल्या. त्यांच्यावरचा पिवळा रंग इतका तुकतुकीत होता की माझंही मन क्षणभर चळलं. मग तो भाच्याला म्हणाला, "भांचा, गाडी ल उंच करबे त मन घलो उंच होही. फेर घाट म डोलही." केशकालच्या वळणांवर उंच केलेल्या गाड्या कशा झुलतात, ते त्याने तळहात डावी-उजवीकडे हलवून दाखवलं. विकणारा माणूस विकू नको म्हणतो तेव्हा ऐकावं. भाच्याने ऐकलं, पण चेहरा असा केला, जणू हरेलीच्या दिवशी गेडी काढून घेतली.

त्याची समजूत काढायला म्हणून आम्ही तसेच पुढे राजिमला गेलो. वाटेत डाव्या हाताला रुळांची नवी ओळ दिसते. इथून राजिमला आणि धमतरीला विसाव्या शतकाच्या आरंभापासून छोटी लाइन जायची, अडीच फुटी, म्हणजे 762 मिलीमीटर रुंदीची. अभनपूर हे तिचं जंक्शन. एवढ्याशा चाकांवर ती भाताची पोती, माघी पुन्नीच्या जत्रेची माणसं, नव्या नवऱ्या असं सगळं शंभरावर वर्षं ओढत राहिली आणि कुणी तिला उंच करा म्हटलं नाही. आता तिची मोठी लाइन झाली, 1676 मिलीमीटरची. 30 मार्च 2025 ला रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाली. रायपूर शहरातल्या तिच्या जुन्या मार्गावर तर चौपदरी रस्ताच झाला आहे. मला त्या रस्त्यावरून जाताना उगाच वाटतं, आता फाटक लागेल.

राजिमला नदीच्या ऐन पात्रात कुलेश्वर महादेवाचं देऊळ आहे. खरी लिफ्ट बघायची तर ही. अष्टकोनी उंच दगडी जोतं आणि त्यावर देव. शतकानुशतकं पूर येतात, जोत्याला धडका देऊन जातात. तिथे अशी आख्यायिका आहे की काठावरचं एक देऊळ मामाचं आणि पात्रातलं भाच्याचं. पाणी चढलं की भाचा हाक मारतो, मामा, वाचव. आणि पाणी मामाच्या पायांना लागलं की ओसरतं. म्हणून मामा-भाच्याने एका नावेत बसू नये, असं इकडे मानतात. 650 मिलीमीटर पाण्यातून जाणारी थार ही नाव धरायची की गाडी, ह्यावर आम्ही वाळूच्या कडेला उभं राहून चर्चा केली. पाणी घोट्याइतकंही नव्हतं, म्हणून गाडी ठरवली.

आणि थोडं अंतर गेल्यावर ती वाळूत रुतली. चार चाकं फिरत होती, वाळू मागे उडत होती आणि आम्ही इंचाइंचाने खाली जात होतो. वाळूच्या ट्रॅक्टरवरचा एक पोरगा शांतपणे चालत आला. त्याने ना दोर मागितला ना फळी. वाकून, चाकाच्या व्हॉल्व्हवरचं टोपण काढून एक काडी दाबली. फुस्स करून हवा जायला लागली. भाचा ओरडणार होता, मी त्याचा हात धरला. चारही टायरमधली हवा तीसच्या आसपासवरून अठरा-वीसवर आली. टायर खाली बसले, पसरले, त्यांचा जमिनीला टेकणारा भाग लांब झाला. भाच्याने हलकेच क्लच सोडला, आणि गाडी बाहेर आली. इतकी सहज, की आम्हाला दोघांना ओशाळल्यासारखं झालं. वाळूतून गाडी निघाली ती आणखी थोडी बुटकी होऊन. त्या पोराला भाच्याने पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत, फक्त विचारलं की ही गाडी कितीला पडते, आणि उत्तर ऐकून ट्रॅक्टरकडे परत गेला.

शेवटी टायर आले ते त्याच मापाचे, 255/65 आर 18, फक्त नक्षी थोडी रांगडी, दगड-मातीला आणि सडकेला दोन्हीकडे चालेल अशी. लिफ्ट नाही. बहीण विनापायरी, थोडं कण्हत पण स्वतःच्या पायांनी गाडीत चढते. उरलेल्या पैशांतून भाच्याने हवा भरायचा एक छोटा पंप आणि हवा मोजायचा गेज घेतला, आणि माझ्या मते ह्या सगळ्या खरेदीत शहाणपणाची वस्तू ती. तुम्हीही कधी राजिमकडे वाळूत उतरणार असाल तर हवा जरूर कमी करा. पण परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती पुन्हा भरा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो, आणि अभनपूरपासून पुढचा रस्ता हल्ली फार वेगाचा आहे.